हिरीच्या भेटीची नोंद

पद्मजा आढाव कर्जत तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रात एकोणतीस वर्षं नर्स होत्या. वाड्यांवर त्यांना सगळे सिस्टर म्हणत, म्हाताऱ्या बायका नर्सबाय म्हणत. गेल्या वर्षी मे महिन्यात त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात डॉक्टरांनी सांगितलं, की यांच्या रजिस्टरमध्ये एकही रकाना कधी कोरा सापडला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पद्मजाबाईंनी शाल घेतली आणि चार शब्द बोलायचं टाळलं.

दहिवलीत त्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. नवरा रेल्वेत होता. मुलगा वरद सहा वर्षांचा असताना नवरा काविळीनं गेला. वरद आता नाशिकला नोकरीला असतो. घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती, मूळचं नगरकडचं. कर्जतच्या मंडळीत वीस-बावीस कुटुंबं आहेत आणि त्यांत पद्मजाबाईंना मान होता. कुणाला ताप आला, कुणाची साखर वाढली, की पहिला फोन त्यांना जाई.

महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेत प्रभुभोजन असतं. त्या दिवशी पद्मजाबाई लहान मुलांना घेऊन बाहेर जांभळाच्या झाडाखाली बसत. "तुम्ही सगळे आत बसा, पोरांचं मी बघते," असं म्हणत. लोकांना त्यात सेवा दिसे. सतरा वर्षं हे चाललं होतं. तेवढ्या वर्षांत त्यांनी भाकरीचा तुकडा किंवा द्राक्षारसाचा घोट एकदाही घेतला नव्हता, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

लक्षात आलं ते नव्या पाळकांच्या. अनुपम रणपिसे पस्तिशीचे होते, दिवाळीच्या आधी जालन्याहून बदलून आलेले. जानेवारीत त्यांनी मुलांजवळ आपली बायको तेजश्री हिला बसवलं. पद्मजाबाई त्या दिवशी प्रवचन संपताच उठल्या आणि दूध गॅसवर राहिलंय म्हणून निघून गेल्या. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी त्या आल्याच नाहीत. मार्चचा पहिला रविवार उद्यावर आला, तेव्हा शनिवारी पाचच्या सुमारास रणपिसे त्यांच्या दारात उभे राहिले.

"सलाम, सिस्टर."

"सलाम, पाळकसाहेब. या."

चहा झाला. वरदच्या लग्नाचं बोलणं झालं. मग रणपिसे म्हणाले, "एक विचारतो, राग मानू नका. तुम्ही प्रभुभोजनाच्या मेजाला का येत नाही?"

पद्मजाबाई कप उचलून आत गेल्या. नळ सुरू झाला, बंद झाला. पदराला हात पुसत त्या परत आल्या, बसल्या आणि त्यांनी सांगून टाकलं. हे त्या आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होत्या, पण शब्द शोधावे लागले नाहीत.

करवंदीची वाडी त्यांच्या हद्दीत होती. डांबरी रस्त्यावरच्या फाट्यापासून पाऊण तासाचा चढ. तिथल्या बुधी नावाच्या बाईची मुलगी हिरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. एकोणीस वर्षांची. नवरा नागू वीटभट्टीवर कामाला. तिसऱ्या भेटीत पद्मजाबाईंना हिरीच्या पायांवर सूज दिसली, रक्तदाबही थोडा वर होता. पुढच्या शनिवारी पुन्हा येऊन तपासायचं, असं त्यांनी ठरवलं. पण त्या शनिवारी मंडळीत कापणीच्या सणाची तयारी होती. दारात ऊस बांधायचे होते, भाताच्या लोंब्यांची तोरणं करायची होती, आणि ते काम त्यांच्याच हातचं नीट होई. सोमवारी जाऊ, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

रविवारी दुपारी हिरीला झटके आले. वाडीतल्या माणसांनी तिला झोळी करून फाट्यापर्यंत आणलं आणि तिथून एका टेंपोत घातलं. टेंपोतच तिला मुलगी झाली. मुलगी जगली. हिरी कर्जतपर्यंत पोचली नाही.

सोमवारी सकाळी निरोप आला तेव्हा रजिस्टरमध्ये शनिवारचा रकाना कोरा होता. पद्मजाबाईंनी पेन घेतलं आणि लिहिलं: गृहभेट दिली. रक्तदाब जास्त, ताबडतोब रुग्णालयात नेण्यास सांगितले. आईने नकार दिला.

चौकशीला तालुक्याच्या आरोग्य कार्यालयातले साहेब वाडीवर गेले. सिस्टरनं सांगितलं असताना पोरीला घरात का ठेवलीस, असं त्यांनी सगळ्यांदेखत बुधीला विचारलं. बुधी म्हणाली, कुणी आलंच नव्हतं. साहेबांनी रजिस्टर उघडून तिच्यापुढे धरलं. बुधीला वाचता येत नव्हतं. नागू सातवीपर्यंत शिकलेला होता, त्यानं वाचलं. त्याच आठवड्यात तो तान्ही मुलगी घेऊन खोपोलीच्या बाजूला आपल्या बहिणीकडे गेला. त्यानंतर त्यानं सासूचं तोंड पाहिलं नाही आणि नात तिला दाखवली नाही.

"वरद तेव्हा बारा वर्षांचा होता," पद्मजाबाई म्हणाल्या. "घरात मिळवणारी मी एकटी. नोकरी गेली असती तर काय, म्हणून केलं, असं मी स्वतःला सांगत आले. पण पेन उचललं तेव्हा मला वरद आठवला नव्हता, साहेब. मला तो कोरा रकाना दिसत होता, एवढंच."



"उद्या पहिला रविवार आहे," रणपिसे म्हणाले. "या तुम्ही."

"आधी बुधीकडे जाते. तिला सांगते. तिनं माफ केलं तर पुढच्या महिन्यात येईन."

"आणि नाही केलं तर?"

"तर नाही."

"म्हणजे देवानं तुम्हाला जवळ घ्यायचं की नाही, हे बुधीनं ठरवायचं."

"तसं नाही म्हणत मी."

"तसंच होतंय, सिस्टर. तिची मुलगी गेली, नात गेली, आणि आता तुम्हाला मेजाला बसता यावं म्हणून माफही तिनंच करायचं."

पद्मजाबाई टेबलावरच्या प्लास्टिकच्या कापडावर बोट फिरवत राहिल्या.

"बुधीकडे जायलाच हवं," रणपिसे म्हणाले. "त्यातून मी तुम्हाला सोडवत नाही. पण आधी मेजाला या, आणि तिथून उठून तिच्याकडे जा. काहीतरी कमावून मगच देवासमोर यायचं म्हटलं, तर आपल्यातलं कुणी कधी येणार नाही. मी तर नाहीच."

"असं फुकट मिळालेलं मला पचणार नाही."

"नाही पचत लवकर. मलाही वेळ लागला." त्यांनी पुढे काही सांगितलं नाही आणि पद्मजाबाईंनी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या गेल्या आणि शेवटच्या बाकावर भिंतीच्या कडेला बसल्या. तबक हातोहात मागे आलं. त्यात अबूबकरच्या बेकरीतला ब्रेड होता, कडा काढून चौकोनी तुकडे केलेला. त्यांनी एक उचलला. पुढे कधीतरी त्यांनी तेजश्रीला सांगितलं, की तेव्हा काहीच झालं नाही. रडू आलं नाही, हलकं वाटलं नाही, ब्रेड टाळूला चिकटला. फक्त घरी जाताना लक्षात आलं, की इतकी वर्षं त्या आपणच स्वतःला ठोठावलेली शिक्षा भोगत होत्या, आणि शिक्षा भोगतोच आहोत या समाधानावर बुधीकडे जायचं टळत होतं. आता तेही कारण उरलं नव्हतं.

सोमवारी सकाळी त्या शेअर रिक्षानं फाट्यावर उतरल्या आणि चढायला लागल्या. गुडघे दुखत होते, दोनदा बसावं लागलं. वाडीत पोचल्या तेव्हा बुधी अंगणात वालाच्या सुक्या शेंगा सोलत होती. तिचं वय आता पासष्टीच्या आसपास असावं. नवरा मागेच वारला होता, ती एकटीच राहत होती.

"नर्सबाय? तू कशी आली गं? तुजी नोकरी सुटली म्हनत हुते."

पद्मजाबाईंनी वाटेत पुष्कळ जुळवलं होतं. तोंडातून चार वाक्यं निघाली, तीही उभ्या उभ्या. हिरी गेली त्याच्या आदल्या दिवशी मी वाडीवर आले नव्हते. आले होते असं मी खोटं लिहिलं. तू दवाखान्याला नकार दिलास असंही लिहिलं. तू नकार दिला नव्हतास बुधी, तुला कुणी विचारलंच नव्हतं.

बुधीचे हात थांबले.

"मंजी तू आलीच नव्हती."

"नाही."

"त्या दिशी मी कापनीला गेले हुते. सायेबानं बुक दावलं, मला वाटलं, माज्या माघारी तू येऊन गेलीस. पोरीनंच माजं नाव सांगून नाय म्हनलं, नि माज्यापासून लपवलं. दवाखान्यात नेतील म्हनून भ्याली आसंल." ती हातातल्या शेंगेकडे बघत होती. "इतकी वरसं मी तिलाच शिव्या घालते हाय. मेलेल्या पोरीला. का गं नाय सांगितलंस म्हनून."

बुधी रडेल, अंगावर धावून येईल, वाडी गोळा करेल, हे सगळं पद्मजाबाईंनी गृहीत धरलं होतं. हे त्यांच्या मनात आलं नव्हतं.

"बुधी, मी..."

"बोलू नको."

बुधी घरात गेली. अर्धा तास तरी ती बाहेर आली नाही. शेजारची एक बाई कुडाआडून बघून गेली. पद्मजाबाई उन्हात उभ्या राहिल्या, मग ओट्याच्या कडेला टेकल्या. बुधी आली ती लुगडं बदलून, वहाणा हातात घेऊन.

"चल."

"कुठं?"

"नागूकडं. मला सांगून काय उपेग? त्याला सांग."

"आज?"

"आजच. उद्या तुजं मन फिरंल."

उतारावर बुधी पुढे चालत होती.  एका ठिकाणी मुरमावरून पद्मजाबाईंचा पाय सरकला आणि त्या खाली बसल्या. बुधी मागे वळली, तिनं त्यांचा हात धरून त्यांना उठवलं आणि सपाटी येईपर्यंत धरून ठेवला. पद्मजाबाई म्हणाल्या, "माफ कर म्हणायलाही मला तोंड नाही."

"हळू चाल," बुधी म्हणाली, आणि सपाटीवर आल्यावर तिनं हात सोडला.

कर्जतहून त्यांनी खोपोलीची एसटी धरली. कुठं उतरायचं ते बुधीला माहीत होतं. या सतरा वर्षांत ती दोनदा तिथवर येऊन फाटकातूनच परत गेली होती, हे तिनं एसटीत बसल्यावर सांगितलं. 

खोपोलीच्या अलीकडे एका मुंबईच्या माणसाच्या फार्महाऊसवर नागू राखणदार होता. मालक शनिवार-रविवार येत, सोमवारी तिथे शुकशुकाट असे. नागू नळीनं हिरवळीला पाणी देत होता. चाळिशी ओलांडलेला, केस पांढरे झालेले. मागे राखणदाराची खोली होती. तिच्या पायरीवर एक सतरा वर्षांची मुलगी वही घेऊन बसली होती, आणि दारात नागूची दुसरी बायको उभी होती. सासूला पाहून नागू नळी हातात धरून तसाच राहिला. पाणी एकाच जागी पडत होतं.

"या नर्सबायला काय सांगायचं हाय," बुधी म्हणाली. "आयकून घे."

पद्मजाबाईंनी तीच चार वाक्यं पुन्हा सांगितली. मुलगी ऐकत होती, त्यामुळे या वेळी ती जड गेली.

"मी वाचलं हुतं," नागू म्हणाला. "माज्या डोळ्यांनी वाचलं हुतं."

"हो. ते मीच लिहिलं होतं."

नागूनं जाऊन नळ बंद केला. परत आला तेव्हा त्याचा आवाज खाली होता. "तुमी आता जावा, बाय. माज्याकडून तुमाला माफीबिफी मिळनार नाय."

"मी काही मागायला आले नाही," पद्मजाबाई म्हणाल्या. हे पूर्ण खरं नाही, हे त्यांना बोलता बोलताच कळलं. त्या फाटकाकडे वळल्या.

मागे नागू बुधीसमोर येऊन उभा राहिला. "मामी, त्या दिशी मी तुला जे बोललो..."

"ते झालं बोलून," बुधी म्हणाली. "ही माजी नात ना? नाव काय ठेवलंस?"

"हर्षला."

नागू तिथेच ओल्या गवतावर उकिडवा बसला आणि त्यानं डोकं दोन्ही हातांत धरलं. खांदे हलत होते, आवाज येत नव्हता. बुधीनं त्याच्या डोक्यावर क्षणभर हात ठेवला. तिचे डोळे पायरीवरच्या मुलीवर होते. मग ती मुलीकडे गेली. दोघींना काय करावं हे कळलं नाही. शेवटी बुधीनं तिची वही हातात घेतली आणि उलटी-सुलटी करून पाहिली.

नागूच्या बायकोनं चटई टाकली. पद्मजाबाई फाटकाशी पोचल्या होत्या, तेवढ्यात बुधीनं हाक मारली, "तू कुटं चालली? गाडी चारला हाय. उन्हात पडशील. हितं बस." नागूनं वर पाहिलं, पण तो नको म्हणाला नाही. पद्मजाबाई चटईच्या टोकाला बसल्या. चहा आला. नागूनं आपला चहा उचलून विहिरीकडे नेला आणि तिथे उभ्यानं प्यायला.

त्या आठवड्यात पद्मजाबाईंनी सगळं लिहून काढलं आणि तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात नेऊन दिलं. तिथल्या क्लार्कनं दोनदा वाचलं. तेव्हाची रजिस्टरं आता नाहीत, तो म्हणाला. तुम्ही तर निवृत्तही झालात, हे कशाला? त्यांनी पोच मागितली, त्यानं शिक्का मारून दिली. पुढे काही आलं नाही. वरदला फोनवर सांगितलं तेव्हा तो चिडला, त्यानं फोन ठेवला, आणि दोन दिवसांनी त्यानंच परत फोन केला. मंडळीतही बातमी गेली. काहींनी तपासायला बोलावणं बंद केलं. तुम्ही कापणीच्या सणाचा विषय काढलात की मी उठून जाईन, असं एका बाईनं तोंडावर सांगितलं. रणपिसेंना पद्मजाबाई म्हणाल्या, "नागूनं माफ नाही केलं."

"नसेल केलं. त्याला कुणी घाई करू नये," ते म्हणाले.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी त्या आत बसल्या. मेच्या पहिल्या रविवारीही.

मेच्या मधल्या आठवड्यात करवंदं विकायला कर्जतला आलेल्या एका बाईबरोबर निरोप आला: पोर आलीय म्हणावं, ये. पद्मजाबाईंना आधी वाटलं, हर्षला आजारी असेल. त्यांनी रक्तदाबाचं यंत्र पिशवीत टाकलं आणि सकाळच्या गारव्यातच चढल्या. कुणी आजारी नव्हतं. नागू मुलीला सुट्टीत आठ दिवस सोडून गेला होता. बुधीनं तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या आणि सुकटीची चटणी. पद्मजाबाई त्या वाडीवर एकोणतीस वर्षं जात होत्या, पण कुणाच्या घरी पाण्यापलीकडे काही घेतलं नव्हतं. बुधीनं ताट पुढे सरकवलं आणि ती चुलीकडे वळली. माफी हा शब्द तिनं त्या दिवशीही काढला नाही.

जेवण झाल्यावर हर्षला त्यांच्याजवळ येऊन बसली.

"आईचा फोटो नाय कुनाकडं," ती म्हणाली. "आजी सांगते ती ल्हान हुती तेव्हाचं. तुमी तर तिला माज्या वेळी बघितली ना?"

"तीनदा बघितली."

"मग सांगा."

पद्मजाबाईंना वाटलं होतं, आपल्याला हिरीचे आकडेच आठवत असतील: वजन, रक्तदाब, महिना. पण हिरी वजनकाट्यावर चढायला घाबरायची, हे त्यांना आठवलं. काटा हलला की ती खाली उडी मारी आणि हसे. तिचा पुढचा एक दात किंचित वाकडा होता. लोहाच्या गोळ्या तिला नको असत. त्या ती ओट्याखाली ठेवी आणि पुन्हा पद्मजाबाईंनाच दाखवून मान्य करी, की घेतल्या नाहीत.

"आणि शेवटच्या वेळी गेले होते," पद्मजाबाई म्हणाल्या, "तेव्हा तिनं मला विचारलं, सिस्टर, पोर आतून लाथा मारतं, तेव्हा त्याचा पाय दुखत असंल का?"

हर्षला हसली नाही. चुलीपाशी बुधीनं लाकूड मागे ओढलं आणि ती ऐकत राहिली.

"परत सांगा," हर्षला म्हणाली. पद्मजाबाईंनी पहिल्यापासून परत सांगितलं.